आधी वापस, मग मुडबी

शब्दाला खोली नसेल तर गाणं हे गाणं नव्हे, तो तालात केलेला गोंगाट होय. आणि ज्या समाजाची गाणी उथळ, त्या समाजाचं भवितव्यही उथळच. प्राध्यापक अंकुशरावांनी हा विचार मुडबीच्या समाजमंदिरात, बिरप्पाच्या जत्रेच्या बैठकीत मांडला, तेव्हा बाहेर एका ट्रॅक्टरवर गाणं चालू होतं. त्यात एकूण शब्द तीन होते, आणि बैठकीतल्या अकरा जणांपैकी नऊ जणांचे पाय त्यावर हलत होते. दहावे स्वतः अंकुशराव. त्यांचा पाय हलत नव्हता, नुसता अंगठा हलत होता. अकरावा नागराज. त्याचं काहीच हलत नव्हतं, कारण विषय त्याचाच होता.

अंकुशरावांनी तालुक्याच्या कॉलेजात तेहेतीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त होऊन गावी परतल्यावर ते सांस्कृतिक मंडळाचे अध्यक्ष झाले, कारण मंडळाला अध्यक्ष हवा होता आणि त्यांना श्रोते. मंडळाकडे एक स्टेज, दोन मोठे स्पीकर आणि एक माइक आहे. जत्रेत त्यावर काय वाजेल ते अध्यक्ष ठरवतात.

नागराज हा धनगराच्या लिंगाप्पांचा मुलगा, वय अठ्ठावीस. हैदराबादेत लग्नाच्या साउंड सिस्टिमच्या वायरी गुंडाळण्यात त्यानं चार वर्षं घालवली आणि तिथून एक लॅपटॉप, दोन माइक आणि एक कल्पना घेऊन तो घरी आला. कल्पनेचं नाव कन्सेप्ट अल्बम.

"सगळी गाणी मिळून एकच गोष्ट सांगायची, आई," त्यानं अंबुबाईंना समजावलं. "पहिल्यापासून शेवटापर्यंत ओळीनं ऐकायची."

"एकच गोष्ट हाय तर एकच गाणं कर की. सात कामून?"

"वाट लांब हाय."

वाट लांब होती हे अंबुबाईंच्या पायांना माहीत होतं; सुरुवातीची काही वर्षं त्याही सोबत चालल्या होत्या.

गोष्ट होती लिंगाप्पांच्या वाटेची. दिवाळी झाली की ते मेंढरं घेऊन मुडबीहून, म्हणजे कर्नाटकातून, निघत. तिथून मुरूम, म्हणजे महाराष्ट्र. मुरूमहून आळंद, म्हणजे पुन्हा कर्नाटक. आळंदहून वागदरी, पुन्हा महाराष्ट्र. वागदरीहून अफजलपूर तालुक्यातली करजगी, पुन्हा कर्नाटक. मग भीमेचा काठ, आणि मृगाच्या आधी वापस. दोन राज्यांची शीव ते एका खेपेत इतक्या वेळा ओलांडत की मेंढरांना कुठलं सरकार आपलं, असा प्रश्न कधी पडलाच नाही. असं अडतीस वर्षं. एकदाही वाट चुकली नाही.

तीन वर्षांपूर्वी गुडघे गेले आणि मेंढरं विकली. तेव्हा मंडळानं शाल-नारळ देऊन त्यांचा सत्कार केला. भाषण अंकुशरावांचं. ते म्हणाले, "वाट तर मेंढरांना पाठच असते. लिंगाप्पांचं मोठेपण असं, की ते अडतीस वर्षं नम्रपणे मेंढरांच्या मागून चालले." टाळ्या पडल्या. अंकुशरावांना हे कौतुक वाटत होतं. लिंगाप्पांनी शाल ट्रंकेत ठेवली आणि त्या दिवसापासून समाजमंदिरासमोरच्या हॉटेलात चहा पिणं सोडलं.

"मागून चाललो म्हन्तोय," ते घरी रोज एकदा म्हणत. "मेंढराला वाट पाठ असती तर मेंढरू बी. ए. नसतं झालं व्हय?"

म्हणून अल्बम ऐकल्यावर लिंगाप्पांनी एकच अट घातली. तो घरात नाही, फोनवर नाही, मंडळाच्या त्याच स्टेजवर वाजला पाहिजे. आणि सगळी वाट गावानं एकदा ओळीनं ऐकली पाहिजे. त्याशिवाय त्यांना चहा गोड लागणार नव्हता.

मेंढरं विकलेली असल्यानं रेकॉर्डिंगमध्ये मेंढरांचं काम नागराज आणि अंबुबाईंनी केलं होतं. गळ्यातल्या घंटा लिंगाप्पांनी विकल्या नव्हत्या. रिकाम्या खळ्यात दोन टोकांना दोन माइक उभे केले. अंबुबाईंनी अकरा घंटा दोरीत ओवून घेतल्या, नागराजनं चौदा. मधे काठी घेऊन लिंगाप्पा.

सगळ्यात जास्त त्रास मुरूमनं दिला. मुरूमच्या फाट्यावर उजव्या हाताला एका मळ्यात हिरवागार घास असायचा, आणि पाणी डाव्या हाताला. मेंढरं दरसाल उजवीकडं पळायची. लिंगाप्पा दरसाल त्यांना डावीकडं वळवायचे. हे सगळं गाण्यात यायला हवं होतं: घंटा उजव्या माइककडं जातात, लिंगाप्पांची हाक येते, घंटा थबकतात, डावीकडं वळतात.

"मेंढरू असं वळत न्हाई," लिंगाप्पा तेराव्या खेपेला ओरडले. "मेंढरू आधी मान वळवतंय, मग अंग. तू म्हशीगत वळायलीस."

"मी म्हैसबी न्हाई आन् मेंढरूबी न्हाई," अंबुबाई घंटांसकट उभ्या राहिल्या. "मी तुमची बायको हाय. ध्यानात हाय का?"

"ध्यानात हाय म्हनून काठी मारंना झालोय. चल, उजवीकडं पळ."

भिंतीवर बसून अर्धं गाव हे बघत होतं. चौदावी खेप सगळ्यांना पसंत पडली.

तर बैठक. अंकुशरावांनी चष्मा नाकावर खाली घेतला आणि नागराजनं दिलेला गाण्यांचा कागद वाचला.

"गाणं दुसरं. मुरूम. 'मुरूम आलं, मुरूम आलं, पानी कुटं हाय.' हे चार वेळा. संपलं. नागराज, ह्यात आशय कुठे आहे?"

"पान्यात हाय, सर."

"गाणं तिसरं. आळंद. 'नीर इल्ला, नीर इल्ला.' म्हणजे कन्नडमध्ये, पाणी नाही. मुरूमला पाणी कुठंय, आळंदला पाणी नाही. हा अल्बम आहे का पाणीपुरवठ्याची तक्रार?"

बैठक हसली. नागराजही थोडा हसला, कारण विनोद बरा होता.

"आणि चौथं. वागदरी. नऊ मिनिटं. शब्द शून्य. नऊ मिनिटं माणसानं काय ऐकायचं?"

"तिथं शब्द न्हाईत सर," नागराज खाली बघत म्हणाला. "अप्पा म्हन्ले, तिथं कुनी काय बोल्लंच न्हाई."

"मग मी लिहून देतो." आणि अंकुशरावांनी खरंच लिहून दिलं. भीमेच्या गाण्यासाठी त्यांनी सुचवलं: हे भीमे, तू काळाची ओली कविता, मी देहाच्या कळपाचा थकला गुराखी. नागराजनं हे घरी वाचून दाखवलं.

लिंगाप्पांनी तो कागद हातात घेतला. "गुराखी म्हन्ला का त्यो मला?"

"तसं न्हाई अप्पा, खोल अर्थ हाय त्याला."

"आरं, गुरं कुनाची व्हती?"

शब्द घेतले नाहीत. पण स्टेज तर पाहिजे होतं. शेवटी तोडगा निघाला: आधी अंकुशराव 'गीतातील आशयाची खोली' ह्या विषयावर वीस मिनिटं बोलतील, मग गाणी वाजतील. गावाला दोन्ही चाललं असतं, कारण कार्यक्रमानंतर हुग्गी होती. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर. ती शिजायला वेळ लागतो आणि तोवर माणसं कुठेतरी बसवावी लागतात.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, ऊन कलल्यावर, स्टेजसमोर तीनशे माणूस बसलं. लिंगाप्पा नवा पटका बांधून पहिल्या रांगेत. अंबुबाई बायकांत. अंकुशराव वीस मिनिटांसाठी उभे राहिले आणि अडतीस मिनिटांनी बसले. ज्या गीतात खोली नाही ते ऐकायला सुख वाटत असलं तरी ते सुख खरं नव्हे, हे त्यांनी तीन उदाहरणांनी सिद्ध केलं. सुख वाटत असूनही ते खरं नाही म्हटल्यावर लोक जरा काळजीत पडले.

नागराज वडिलांना पाणी द्यायला खाली आला होता. पेनड्राइव्ह त्यानं बालाजीकडं दिला होता. बालाजी मंडळाचा लॅपटॉप आणि स्पीकर सांभाळतो. त्यानं पेनड्राइव्ह लावला, सगळी गाणी निवडली आणि चालू केली.

सुरुवातीलाच कुत्री भुंकली, दार वाजलं, आणि लिंगाप्पांचा आवाज आला, "आलो गं. चुलीवर पानी ठिव." ढोल सुरू झाला. लोकांनी माना डोलवल्या.

लिंगाप्पांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. हे शेवटचं गाणं होतं.

मग भीमा आली. मग मुरूम. मुरूमला घंटा उजव्या स्पीकरमधून गेल्या आणि डाव्यातून आल्या, तेव्हा बालाजीला वाटलं वायर ढिली झाली. त्यानं उठून ती हलवली. मग वागदरी, मग आळंद, मग करजगी, आणि सगळ्यात शेवटी मुडबी: पहाटेचा कोंबडा, घोंगडं झटकल्याचा आवाज, 'चला रे, निघा'. म्हणजे लिंगाप्पा आधी घरी आले, मग भीमेवरून मुरूमला उडी मारून आळंदला वळसा घालत भटकले, आणि सगळं उरकल्यावर घरातून निघाले.

लोकांना काय, गाणी आवडली. करजगीच्या ढोलावर तर पोरं नाचली. टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी शिट्टी मारली.

नागराज धावत स्टेजवर गेला. "बालाजी, काय केलास रे?"

"मी काय केलो? नावानं लागली की."

खरं होतं. नागराजनं प्रत्येक गाण्याला मेंढरं त्या वेळी जिथं असतील तिथल्या लिपीत नाव दिलं होतं. मुडबी, आळंद, करजगी कन्नडात. मुरूम, वागदरी मराठीत. भीमा मराठीत, कारण आई तिला मराठीत नमस्कार करते. आणि 'वापस' हा दखनी शब्द. उर्दू लिहिता येत नाही म्हणून तो इंग्रजी अक्षरांत. ह्या गोष्टीचा त्याला फार अभिमान होता. पण लॅपटॉपला शीव कळत नाही. त्यानं आधी इंग्रजी घेतलं, मग सगळं मराठी, मग सगळं कन्नड. गाण्यांना आकडे घालायचं नागराजला सुचलं नव्हतं. मुडबीनंतर मुरूम येतं हे कुणाला सांगावं लागेल, असं त्याच्या घरात कुणालाच वाटलं नव्हतं.

तोवर अंकुशराव माइकपाशी पोचले होते. डोळे ओले होते.

"बंधुभगिनींनो, मी चुकलो. मी शब्दांत खोली शोधत होतो. ती क्रमात होती! आधी परतणं आणि शेवटी निघणं. जन्माआधीच घरी पोचलेला जीव अखेरीस प्रवासाला सज्ज होतो. आणि मधे पाहा, आधी मराठी, मग कन्नड, भाषांचा संगम! नागराज, मी माझं मत मागे घेतो. ह्यावर मी लेख लिहिणार आणि हा अल्बम राज्यपातळीवर नेणार."

तेहेतीस वर्षांत त्यांनी एकही मत मागे घेतलं नव्हतं. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. नागराज हातात पेनड्राइव्ह धरून उभा राहिला. सहा महिने ज्या एका वाक्यासाठी तो झुरत होता ते वाक्य माइकवरून आलं होतं. मान हलवली की काम झालं असतं. त्यानं ती किंचित हलवलीही.

पहिल्या रांगेत पटका उभा राहिला.

"नाग्या," लिंगाप्पा म्हणाले. त्यांना माइक लागत नाही. "मी आधी वापस आलो का रे?"

नागराजची मान जागीच थांबली.

"मी इचारायलोय. अडतीस वर्सं मी भीमंवरनं मुरूमला गेलो का?"

"लिंगाप्पा, हा प्रतीकात्मक क्रम आहे," अंकुशराव समजुतीनं म्हणाले. "ह्याला फार खोल अर्थ..."

"सर, तुमी बसा. मी पोराला इचारायलोय."

नागराजनं अंकुशरावांकडं पाहिलं, मग वडिलांकडं. "न्हाई अप्पा," तो म्हणाला आणि माइक हातात घेतला. "चूक झाली. क्रमबिम काय न्हाई, लॅपटॉपनं नावानं लावली. खोल काय न्हाई त्यात."

"मग लाव पुन्हा. मुडबीपासनं."

अल्बम एक्केचाळीस मिनिटांचा आहे. हुग्गी अजून शिजत होती. तरी त्या वेळी कुणी उठलं नाही ते हुग्गीसाठी, असं मुडबीत आता कुणीच कबूल करत नाही.

लिंगाप्पा गुडघे धरत स्टेजवर चढले. बालाजीनं खुर्ची दिली ती त्यांनी घेतली नाही. प्रत्येक गाण्याआधी ते एक वाक्य बोलायचे आणि काठी वर करायचे, की नागराज गाणं लावायचा.

"ही मुडबी. आमी निघालो."

गाणं झालं.

"हे मुरूम. इथं वाट फुटती. उजवीकडं घास हाय, डावीकडं पानी हाय. मेंढराला वाट पाठ असती म्हन्तेत. ऐका."

घंटा वाजत आल्या. फाट्यावर त्या सगळ्या मिळून उजव्या स्पीकरकडं धावल्या. उजवीकडं बसलेल्या लोकांनी नकळत पाय आखडून घेतले. मग हाक आली, लांब, पोटातून काढलेली. घंटा थबकल्या. एकेक करून मान वळली, मग अंग वळलं, आणि सगळा कळप तीनशे माणसांच्या डोक्यावरून डाव्या स्पीकरकडं गेला.

"पाठ व्हती तर उजवीकडं कामून गेली?" लिंगाप्पांनी विचारलं.

त्या उजवीकडं पळालेल्या घंटा कुणाच्या गळ्यात होत्या हे अर्ध्या गावानं भिंतीवर बसून पाहिलं होतं. पण एकही माणूस हसला नाही. बायकांत बसलेल्या अंबुबाईंनी पदर सारखा केला, आणि शेजारच्या निलम्मानं त्यांच्याकडं बघून नुसती मान हलवली, की चांगली पळालीस.

आळंद झालं. पाणी मिळालं नाही.

"ही वागदरी," लिंगाप्पा म्हणाले आणि काठी वर केली.

अंकुशराव आता पहिल्या रांगेत बसले होते. ते हळूच म्हणाले, "लिंगाप्पा, हे नऊ मिनिटांचं आहे. शब्दही नाहीत. पुढं घेतलं तर..."

"सर," बायकांतून अंबुबाईंचा आवाज आला, "बाळंतपनात कोन बोलतंय हो?"

अंकुशरावांनी चष्मा काढून हातात घेतला.

नऊ मिनिटं मैदान बसून राहिलं. थांबलेल्या कळपाची एखादी घंटा वाजायची. लाकूड तडतडायचं. कुणीतरी येरझारा घालत होतं, एका स्पीकरपासून दुसऱ्यापर्यंत आणि परत, वहाणेचा आवाज होता. मेंढरं पुढं जायला उतावीळ झाली की तीच हाक यायची, पण अगदी हलकी, कुणी झोपलंय अशी. आणि शेवटी एक बारीक रडणं. पहिल्या खेपेला लोकांना ते कोकरू वाटलं होतं.

लिंगाप्पांनी पहिल्यांदाच माइक तोंडाजवळ घेतला.

"ह्यो नागराज," ते म्हणाले. "दोन दिस थांबलो. तिसऱ्या दिवशी निघालो."

आणि काठी वर केली. नागराजला लॅपटॉपवर पुढचं गाणं सापडायला जरा वेळ लागला. करजगी कन्नडात लिहिलेली होती आणि त्याला तेव्हा कुठलीच लिपी नीट दिसत नव्हती.

करजगीला पोरं पुन्हा नाचली, तेवढीच. भीमेला म्हाताऱ्यांनी बसल्या जागी हात जोडले. 'वापस' वाजलं, कुत्री भुंकली, दार वाजलं. 'आलो गं' म्हटल्यावर बायकांनी सगळ्यांनी मिळून 'या' म्हटलं. हे रेकॉर्डिंगमध्ये नव्हतं.

"झालं," लिंगाप्पा म्हणाले.

अंकुशराव स्टेजच्या पायरीशी आले. लिंगाप्पांना उतरायला त्यांनी हात दिला, आणि लिंगाप्पांनी तो घेतला.

"लिंगाप्पा, वाट मेंढरांना पाठ नव्हती."

"न्हवती."

"मी त्या दिवशी चुकीचं बोललो."

"व्हय," लिंगाप्पा म्हणाले. "चला, आता च्या पाजा."

दोघं समाजमंदिरासमोरच्या हॉटेलात गेले. लिंगाप्पा दोन कप चहा प्याले. अंकुशरावांनी तिथं बसून पुन्हा एकदा मत मागे घेतलं, म्हणजे एका दिवसात दोनदा, आणि ह्या वेळी मागे घेतलेलं मत नेमकं कोणतं हे त्यांनाही नीट सांगता आलं नाही. लेख मात्र त्यांनी लिहिला. त्यात शब्दांची खोली, क्रमाची खोली आणि मौनाची खोली असे तीन भाग आहेत. लिंगाप्पांनी तो वाचून घेतला आणि गुराखी शब्द कुठं आला नाही ह्याची खात्री करून मग परत दिला.

नागराजनं सगळ्या गाण्यांना आकडे घातले. अल्बम आता एक ते सात असाच वाजतो. मुडबीचा माणूस पाहुण्याला तो ऐकवताना आधीच बजावतो, "अण्णा, आमच्या गावचा हाय. एक शब्द खोल न्हाई त्यात. पन मधेच उठायचं न्हाई, वाट चुकती." आळंदचे पाहुणे 'नीर इल्ला' ऐकून म्हणतात की हे अगदी बरोबर आहे. मुरूमचे पाहुणे म्हणतात, तो मळा आमच्या मामाचा. वागदरीच्या एका म्हातारीनं निरोप पाठवला, की त्या रात्री गरम पाणी आपण दिलं होतं, गाण्यात आपलं नाव का नाही. नागराजनं तिला कळवलं, की गाण्यात कुणाचंच नाव नाही.

सात गाण्यांपैकी दुसरं, घंटांचं, सध्या ग्रामपंचायतीच्या कचरागाडीवर वाजतं. गाडी मंगळवारी आणि शनिवारी येते.